होडी वाळेपर्यंत

युनूसभाईंकडे कुणी होडी मागायला गेलं, की आधी चहा यायचा. मग तब्येतपाण्याची चौकशी व्हायची, मग दुसरा चहा यायचा, आणि एवढं सगळं झाल्यावर पाहुण्याच्या ध्यानात यायचं, की होडी काही आज मिळत नाही.

"ओली शे आजून," युनूसभाई म्हणायचे.

"अहो चाचा, होडीच ना ती? पाण्यातच जायचीय. ओली असली तर काय बिघडलं?"

"या पानीनी ओल त्या पानीमा जावाले नको."

हा संवाद मी समोरच्या ओट्यावर वह्या तपासत इतक्यांदा ऐकलाय, की पाहुणा पुढे काय बोलणार तेही मला पाठ. तो आधी हसायचा, मग वैतागायचा, आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणायचा, "बाई, तुम्ही तरी सांगा यांना." मी काय सांगणार? मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि हा माणूस बोलत होता ते खरं होतं. बोलायची पद्धत तेवढी जीव खाणारी होती.

युनूसभाई गेले तेव्हा मी पुण्याला लेकीकडे होते. फोन आला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. काय करायचं ते कळेना. लेक म्हणाली, "आई, ते आपल्या नात्यातले होते का?" आता हिला काय सांगू! गल्लीत समोरासमोर दारं असली की नातं वेगळं लागत नाही. त्यांच्याशी मी जितकी भांडले तितकी सख्ख्या दिरांशीही भांडले नाही.

आमचं गाव तापीच्या काठावर. खाली बंधारा झाला तेव्हापासून पाणी वाहायचं थांबलं आणि नदी उभी राहिली. उभ्या पाण्यात जलपर्णी आली. आता ती कुठे नाही! लांबून बघितलं तर कुणी नदीवर हरभरा पेरलाय असं वाटावं. युनूसभाईंच्या तीन फायबरच्या होड्या होत्या. यात्रेला, विसर्जनाला, अस्थी सोडायला, मासेमारीला, हल्ली तर लग्नाआधीच्या फोटोंनाही त्या भाड्यानं जायच्या. नदीवर तर जायच्याच, शिवाय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून जिल्ह्यातल्या धरणांवर, तळ्यांवरही जायच्या. आणि भांडणाचं मूळ तिथंच होतं.

होडीच्या मागच्या बाजूला तळाशी एक भोक असतं. आत साचलेलं पाणी काढायला. त्याला पेचाचं बूच बसवतात. होडी पाण्याबाहेर आली रे आली, की युनूसभाई तिचं नाक वर करून ठेवायचे, बूच काढायचे, सगळं पाणी जागच्या जागी काठावर वाहून जाऊ द्यायचे. मग आत डोकं घालून फळ्यांखालचा एकेक तंतू, एकेक पान वेचायचे, फडक्यानं पुसायचे आणि होडी उन्हात घालायचे. बूच मात्र खिशात. होडी पूर्ण वाळल्याशिवाय ते कुणाला मिळायचं नाही. "होडी लई जा, भो. बूच मन्हाजोडे शे." म्हणजे न्या हवी तर, आणि बुडा.

प्रत्येक बुचाला जुबेदाभाभींनी शिलाई मशीनचा वेगळा दोरा बांधून दिला होता: लाल, हिरवा, पिवळा. त्या बुचांनी त्यांच्या सदऱ्याचा खिसा कायम एका अंगाला लोंबलेला असायचा. उंच, काटकुळे, मेंदी लावलेली दाढी, पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली. जन्म पाण्यावर गेला आणि पोहता येत नव्हतं! हे ते लपवत नसत, उलट ऐटीत सांगत. "पोहानं कसाले? होडी शे ना!"

हे बुचाचं शास्त्र त्यांनी काही स्वतः शोधलं नव्हतं. मासेमारी खात्याच्या कुणी एक मॅडम कधीतरी गावात शिबिर घ्यायला आल्या होत्या. होडीच्या पोटात राहिलेल्या ओंजळभर पाण्यातून झाडं, बिया, अंडी एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात, म्हणून रिकामी करा, पुसा, वाळवा, असं त्यांनी सांगितलं. बाकीचे वडापाव खाऊन घरी आले. युनूसभाई मात्र धर्म बदलल्यासारखे परत आले. तेव्हापासून प्रत्येक वाक्याची सुरुवात "मॅडम बोलनी". आणि त्या मॅडमच्या नावावर ते काय काय खपवायचे, देवा!

"बाई, मॅडम बोलनी, जलपर्णी रातले चालस."

"चालते? पाय आहेत का तिला?"

"चालस ना. सकायले दुसरीकडे दिसस."

"वाऱ्यानं सरकते, असं म्हणाल्या असतील त्या."

"तेच ना. चालस," असं म्हणून ते विजयी चेहऱ्यानं घरात गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातल्या पोरांनी मला सांगितलं, की बाई, जलपर्णी रात्री चालते. मी कपाळावर हात मारून घेतला.

होडी वाळवायला जागा लागते, आणि आमच्या गल्लीत दोन मोटारसायकली उभ्या राहिल्या की तिसऱ्याला जागा नाही. आमची गावाबाहेर मिरचीची पथारी आहे. म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. नंदुरबारच्या बाजारात जायच्या आधी लाल मिरची तिथं पसरून असते. एके दिवशी युनूसभाई आमच्या ह्यांच्याकडे आले आणि म्हणाले, पथारीच्या कोपऱ्यात होडी टाकू का? तिथल्यासारखं ऊन कुठे नाही. आमचे हे कुणाला नाही म्हणत नाहीत, तो एक वेगळाच विषय आहे. झालं! दुसऱ्या दिवसापासून लालभडक मिरचीच्या मधोमध निळी होडी. रस्त्यानं जाणारे लोक ट्रॅक्टर थांबवून बघायचे, की इथं पूर कधी आला.

त्या होडीतून पुढे एक नवरानवरी फोटो काढायला गेले. नवरीनं पांढरा घोळदार झगा घातलेला, नवऱ्यानं गॉगल. होडी नदीच्या मध्यावर गेली आणि नवरी शिंकली. मग नवरा शिंकला. मग दोघं थांबेचनात. पथारीवरची मिरचीची पूड होडीच्या सांधीसांधीत बसलेली. ती वाऱ्यानं उडाली. नवरीचं काजळ गालावर, फोटोवाल्याचं नाक गळतंय, आणि होडी वल्हवणारे युनूसभाई तेवढे शांत, कारण त्यांना सवय झालेली. काठावर येऊन नवरदेव तणतणला, तर हे म्हणतात, "शिंक काय फोटोमा दिसस का? चांगला फोटो उना व्हई." आणि नवल म्हणजे फोटो खरंच चांगले आले. डोळे पाणावलेले, नाकं लाल. बघणाऱ्याला वाटावं केवढं प्रेम आहे. ती पोरगी पुढे नवऱ्याला घेऊन भाभींना भेटायला आली होती, मिठाईचा पुडा घेऊन.

आणखी एकदाची गोष्ट. शुक्रवार होता. कुणा साहेबांना नदीची पाहणी करायची होती. कार्यालयातल्या लोकांनी होडी सांगून ठेवली होती, पण ती आदल्या दिवशीच डोंगरातल्या एका धरणावरून आली होती, आणि काठावर वाळत होती. साहेब वेळेआधी आले. युनूसभाई नमाजाला गेलेले. लोकांनी म्हटलं, होडी समोर दिसतेय, वल्हं पडलंय, कशाला थांबायचं? ढकलली पाण्यात. साहेब बसले. थोडं पुढे गेल्यावर बूट थंड लागायला लागले म्हणून त्यांनी खाली बघितलं, तर कारंजं!

एक जण पळत मशिदीत. युनूसभाई रांगेत उभे, आणि बूच त्यांच्या खिशात, खिसा त्यांच्या छातीवर. नमाज संपेपर्यंत करायचं काय? तोवर होडी पुन्हा काठाला लागली होती, कारण तिथं पाणी कमरेएवढंच होतं, आणि वल्हवणाऱ्यांनी भीतीनं उड्या मारून ती ढकलत आणली होती. दुआ झाल्यावर युनूसभाई आपले नेहमीच्या चालीनं आले. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस माफी मागणार.

"बूच नई तं पानी येईच ना, साहेब," ते म्हणाले. "बठा. चहा पी ल्या."

आणि मग साहेबांचे मोजे स्वतः पिळून त्यांनी आमच्या ओट्याच्या कठड्यावर वाळत घातले. साहेब अनवाणी पायांनी चहा पीत बसले होते आणि युनूसभाई त्यांना मॅडम काय बोलनी ते समजावून सांगत होते. मी आत जाऊन तोंडावर पदर घेऊन हसले.

आता वाटेल, की हा माणूस म्हणजे एक वल्ली, झालं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मॅडमचं शिबिर काय गावातल्या सगळ्यांनी ऐकलं. मग यांनाच एवढं का लागावं? ते मला युनूसभाईंनी सांगितलं नाही. जुबेदाभाभींनी सांगितलं.

भाभी आमच्या पथारीवर मिरचीचे देठ खुडायला यायच्या. गोल चेहऱ्याच्या, कमी बोलणाऱ्या, ओढणी डोक्यावरून कधी न ढळणाऱ्या. नवऱ्याच्या सगळ्या बडबडीला त्यांचं एकच उत्तर असायचं, "बस हो गया अब." माझ्या उपासाच्या दिवशी त्या न चुकता काही ना काही आणून द्यायच्या, केळी, खजूर, भाजलेले शेंगदाणे. एकदा मीच त्यांना शिंगाड्याच्या पिठाचा शिरा दिला, तर वाटी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. म्हणाल्या, "ये नहीं खाती मैं." डोळे लाल झाले होते. पण मिरचीच्या ढिगाशी बसलेल्या बाईचे डोळे कशानं लाल झालेत, ते विचारायची सोय नसते. थोड्या वेळानं त्यांनी आपणहूनच सांगितलं.

त्यांचं माहेर नवापूरच्या वाटेवरचं एक लहानसं गाव. गावाला तळं. त्यात त्यांचे मोठे भाऊ हनीफभाई शिंगाडा लावायचे. पाण्यावर हिरव्या वेली, खाली काळी टोकदार फळं. त्या शिंगाड्यावरच घर चालायचं. शिंगाडा तोडायला ट्यूबवर तरंगत जावं लागायचं, म्हणून हनीफभाईंनी नव्या मेहुण्याला म्हटलं, तुमची होडी एकदा आणा की.

सासरवाडीनं काही मागितलं म्हटल्यावर युनूसभाई हवेत. होडी ट्रॉलीवर चढवली. सासरी रिकाम्या हातानं कसं जायचं? तापीतले चांगले मोठे कटले घेतले. उन्हानं मासे खराब होऊ नयेत म्हणून होडीच्या पोटात घोटाभर पाणी तसंच ठेवलं, बूच घट्ट आवळलं, मासे त्यात ठेवले आणि वरून ओल्या जलपर्णीचा जाड थर दिला. आमच्याकडचे मासेवाले असंच करतात. टोपलीवर ओली जलपर्णी घातली की मासा दुपारपर्यंत ताजा राहतो. मासे खरंच ताजे पोचले. सासूबाईंनी जावयाची दृष्ट काढली. पाला तळ्याच्या कडेला टाकला, होडी पाण्यात सोडली, शिंगाडा तोडला, सगळे खूश.

पुढच्या पावसात तळ्यावर जांभळी फुलं आली. पहिल्यांदा लोक बघायला यायचे, इतकी छान दिसायची. त्याच्या पुढच्या पावसात पाणीच दिसेना. शिंगाड्याच्या वेली खाली गुदमरून कुजल्या. हनीफभाईंनी उपसून बघितलं, जाळून बघितलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी ते सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला गेले. मशीनच्या खडखडाटात एक कान गेला.

"भाईजान ने कभी कुछ बोला नहीं," भाभी म्हणाल्या. "आओ मत, ऐसा किसी ने नहीं बोला. आओ, ऐसा भी नहीं बोला."

माहेराहून बोलावणं आलं नाही, तर बाई जाते कशी? सणाला मूळ येत नाही, लग्नात आमंत्रण येतं ते छापील पत्रिकेचं. भाभी गेल्या नाहीत. आई गेली तेव्हा मातीला जाऊन त्याच दिवशी परत आल्या. माहेरी रात्र काढली नाही ती नाहीच.

त्यानंतर मला युनूसभाईंचा तो लोंबणारा खिसा बघवेना. खरं सांगते, मला रडूच यायचं. शिबिरात मॅडम बोलत असताना या माणसाला काय झालं असेल? आपण प्रेमानं काय करून बसलो, ते त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं. मी एकदा त्यांना सरळच विचारलं, की हनीफभाईंशी बोलत का नाही? त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा विचारला नाही.

"ईदले फोन करस ना मी. उचलतस नई," ते म्हणाले. मग खिशातली बुचं चाचपत, "बाई, बाकी मन्हं काहीच अडेल नई. तुम्हनी भाभीनं माहेर बंद शे. तेवढं उघडनं पाहिजे. मी मरानं आगोदर."

मॅडमचं नाव न घेता बोललेलं त्यांचं हे मी ऐकलेलं पहिलंच.

आणि मग उन्हाळ्याच्या सुट्टीत, पाऊस अगदी तोंडावर आला असताना, एका दुपारी गल्लीत मोटारसायकल थांबली. उतरला तो पांढऱ्या दाढीचा, जाड भिंगाचा माणूस. भाभी दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं, म्हणून मी बाहेर आले.

हनीफभाईंनी बहिणीकडे बघितलं नाही. सलाम केला, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि परक्यासारखे म्हणाले, "भाडानी होडी पाहिजे."

सुरतेहून ते कायमचे परत आले होते. गावानं ठरवलं होतं, की तळं एकदाचं साफ करायचं. उद्या सकाळी सगळं गाव पाण्यात उतरणार होतं. काठाकाठानं माणसं काढतील, पण मधल्या खोल पाण्यात होडीशिवाय जाता येत नव्हतं, आणि आसपास होडी कुणाकडे मिळेना. एकदा पाऊस लागला की जलपर्णी कुणाच्या बापाला आवरणार नव्हती. नाइलाज झाला म्हणून हा माणूस या दारात आला होता. हे सगळं ते जरा मोठ्यानं बोलले, एक कान गेलेला माणूस बोलतो तसं, त्यामुळे सगळ्या गल्लीनं ऐकलं.

युनूसभाई उठून उभे राहिले होते. माझ्या मनात आलं, आता हा माणूस होडी काय, घर उचलून देईल.

"होडी ओली शे," युनूसभाई म्हणाले.

माझ्या अंगाचा असा भडका उडाला! मी ओटा उतरून समोर गेले. "युनूसभाई, डोकं ठिकाणावर आहे का? इतक्या वर्षांनी माणूस दारात आलाय! त्या तळ्यात आधीच जलपर्णी भरलीय. आता तिथं काय राहिलंय जपायला? द्या ते बूच इकडे!"

"बाई, तापीमा आते दुसरंबी निघी ऱ्हायनं," ते म्हणाले. "गोगलगाया शेत. शिंगाडाना पाला खातस त्या. होडीमा त्यास्नी अंडी ऱ्हातस. एक दुखनं शे म्हनीसन दुसरं बी देवानं का? माले जमाव नई. येकदाव करेल शे मी."

बाकीच्या दोन होड्या भाड्यानं गेलेल्या. आकाशात ढग. ऊन नाही. पथारी असून उपयोग नाही. होडी वाळायला दोनतीन दिवस तरी लागले असते, आणि हनीफभाईंना उद्या सकाळी हवी होती. ते मागे वळले आणि मोटारसायकलवर जाऊन बसले. किल्ली लावली. पण चालू केली नाही, नुसते पाठ करून बसून राहिले.

तेव्हा जुबेदाभाभी उठल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"मॅडम ने गरम पानी का भी बोला था ना? तुम ही तो बोलते रहते. डेग निकालो!"

उकळत्या पाण्यानं धुतलं की अंडी मरतात, वाळायची वाट बघावी लागत नाही. मशिदीच्या लग्नकार्याच्या मोठ्या डेगी होत्या. त्या निघाल्या. गल्लीत विटांच्या चुली मांडल्या गेल्या, आमच्या पथारीवरून तुराट्यांचे भारे आले. एरवी ज्या डेगीत बिर्याणी शिजते तिच्यात नुसतं पाणी खदखदतंय, आणि सगळ्या बाया पदर खोचून जाळ लावतायत. येणारेजाणारे विचारायचे, लग्न कुणाचं? होडी गल्लीच्या तोंडाशी आणून तिरकी उभी केली. बूच काढलेलंच होतं. आता पहिली डेग होडीपर्यंत न्यायची. डेगीच्या कड्यांत बांबू घालून दोघांनी खांद्यावर घ्यायचा असतो. पुढचं टोक युनूसभाईंनी घेतलं. मागे कुणीतरी पोरगा हात लावायला आला, तेवढ्यात त्याला बाजूला करून हनीफभाईंनी बांबू खांद्यावर घेतला.

जरा चुकलं असतं तर उकळतं पाणी पायावर सांडलं असतं. दोघं जपून पावलं टाकत गेले. पाणी ओतलं. भोकातून वाफाळतं पाणी बाहेर आलं, त्याबरोबर पाल्याचे तुकडे, चिखल, कुठलीकुठली मुळं. युनूसभाईंनी धारेखाली हात धरला आणि पटकन मागे घेतला. "आजून," ते म्हणाले. पुन्हा डेग, पुन्हा बांबू. किती डेगी ओतल्या कुणी मोजल्या नाहीत. हनीफभाईंनी भोकाशी वाकून बघितलं, आणि मेहुण्याला पहिल्यांदाच सरळ म्हणाले, "फळीना खाले राही गया." मग दोघंही त्या होडीत डोकं घालून फडक्यानं पुसत बसले. दिवेलागणीला भाभींनी दोघांसमोर एकच थाळी ठेवली, आणि दोघांनी खाल्लं. मी माझ्या ओट्यावर उगाचच वह्या चाळत होते. सुट्टीत कसल्या वह्या!

दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॉलीवर होडी, होडीत आम्ही. भाभींना मीच हाताला धरून चढवलं. म्हणत होत्या, "मैं क्या करूँगी उधर?" मी म्हटलं, चला हो, मला सोबत हवी. त्या तळ्याचं काय वर्णन करू? पाणी नव्हतंच. हिरवा गालिचा, त्यावर बगळे चालतायत. सगळं गाव उतरलं होतं. युनूसभाई होडीवरून विळ्यानं मुळांची जाळी कापायचे, हनीफभाई ओढायचे, काठावरचे लोक दोरानं बाहेर खेचायचे. बाहेर काढलेली जलपर्णी बांधावर पसरायची, पाण्यापासून लांब. तिथंही युनूसभाईंचं चालूच: "लांब टाका, भो! मॅडम बोलनी…" आणि गावातली पोरं हसत होती. दुपारून ते पोहता न येणारे युनूसभाई होडीतून उतरून कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. भाभी काठावरून ओरडत होत्या, "बस हो गया अब!" कुणी ऐकत नव्हतं.

सगळं तळं काही एका दिवसात साफ होणार नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत मधोमध चांगलं मोठं पाणी मोकळं झालं. काळं, स्वच्छ. त्याच्याकडे बघत सगळे काठावर बसले. शिंगाड्याची रोपं कुठून आणायची, त्यावर बोलणं निघालं.

निघायची वेळ झाली. होडी ट्रॉलीवर चढली, तिचं पाणी तिथंच बांधाखाली काढून झालं. भाभी ओढणी सावरत ट्रॉलीकडे यायला लागल्या, तर हनीफभाई मध्ये आले. बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. "तू किधर चली?" ते म्हणाले. "तू रुक. चार दिन रह. मैं छोड़ने आऊँगा."

भाभींनी नवऱ्याकडे बघितलं. युनूसभाईंनी घाईघाईनं मान दुसरीकडे वळवली आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "चाल भो, चाल. अंधार पडी ऱ्हायना."

ट्रॉली हलली. मी आणि युनूसभाई होडीत समोरासमोर बसलो होतो. मला मागचा रस्ता दिसत होता. त्यांची पाठ गावाकडे. त्यांचे कपडे चिखलानं कडक झाले होते, दाढीत पाल्याचे तुकडे अडकलेले. मग मागे न वळताच त्यांनी मला विचारलं,

"बाई, बघा बरं. तुम्हनी भाभी उभी शे का तठे?"

मी बघितलं. बांधावर पोरं होती, म्हशी होत्या. भाभी नव्हत्या. तळ्यापलीकडच्या घराच्या दारातून त्या आत जाताना दिसल्या, भावजयीचा हात धरून. आमच्याकडे बघायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "त्या घरात गेल्या."

"घरमा गई?"

"हो. आत गेल्या."

"बरं झायं," युनूसभाई म्हणाले, आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडायला लागले.